जिल्हा परिषद शाळेचा पैसा: शहापूर-मुरबाडकडच्या पालकांनी विचारलेले प्रश्न

मी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात केंद्रप्रमुख होतो. केंद्रात अकरा शाळा. चार वाड्यांवरच्या, दोन शिक्षकी. बाकीच्या जरा मोठ्या, पण मोठ्या म्हणजे तरी किती? शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रशिक्षणाला पालक यायचे, सभागृहात गप्प बसायचे आणि चहाच्या वेळी नेमके प्रश्न काढायचे. ते प्रश्न आणि त्यांची मला माहीत असलेली उत्तरं इथे आहेत. निकषांचे आकडे शासनाचे आहेत. वीजबिल, खडू, पत्रे यांचे आकडे फक्त समजावण्यासाठी धरलेले आहेत.

आमच्या शाळेचं वर्षाचं बजेट किती असतं?

असा एक आकडा कुणालाच सांगता येणार नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. शाळेत पैसा वेगवेगळ्या दारांनी येतो आणि प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्या माणसाकडे असते. पगार राज्य शासनाचा, जिल्हा परिषदेमार्फत. शाळा अनुदान 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचं, ६० टक्के केंद्र सरकार आणि ४० टक्के राज्य. जेवण पीएम पोषणमधून. पुस्तकं बालभारतीची, ती पैशाच्या नाही, गठ्ठ्यांच्या रूपात येतात. वर्गखोली जिल्हा नियोजन समितीतून किंवा जिल्हा परिषदेच्या निधीतून. नळ, शौचालय, कुंपण यांना जमलं तर ग्रामपंचायत. उरलेलं गावाच्या खिशातून, नाहीतर गुरुजींच्या.

त्यामुळे "पैसे किती आले?" असं विचारलंत तर उत्तर गोलमाल मिळेल. "कोणत्या शीर्षाखाली आले आणि कोणत्या तारखेला?" असं विचारा. शीर्ष आणि तारीख कळली की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

शाळा नक्की कुणाची? ग्रामपंचायतीची, पंचायत समितीची की जिल्हा परिषदेची?

जिल्हा परिषदेची. ठाण्यात प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक अशी उतरंड आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला तेव्हा जव्हार, मोखाडा, डहाणू तिकडे गेले. ठाणे जिल्हा परिषदेकडे शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या पाच पंचायत समित्या राहिल्या. ठाणे आणि नवी मुंबई शहरातल्या शाळा त्या-त्या महापालिकेच्या. त्यांचा हिशेब वेगळा आणि तिजोरीही वेगळी. घणसोलीच्या पाहुण्याने "आमच्या महापालिकेच्या शाळेत अमुक मिळतं" म्हटलं, तर ते आपल्याला लागू होत नाही.

शिक्षकांचा पगार शाळेच्या पैशातून होतो का?

नाही. 'शालार्थ' या संगणक प्रणालीत पगारबिल तयार होतं आणि पैसे थेट शिक्षकाच्या खात्यात जातात. शाळेच्या खात्याशी त्याचा संबंध नाही. पण सरकार तुमच्या शाळेवर जो खर्च करतं त्यात सर्वांत मोठा वाटा याच पगाराचा. प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. नवीन लागलेल्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून महिना १६,००० रुपये मानधन आहे, पहिली तीन वर्षं.

म्हणजे गंमत अशी, की ज्या पैशावर गावाचा काहीच अधिकार नाही तो लाखांत आहे, आणि ज्यावर समितीची सही लागते तो काही हजारांत. भांडणं सगळी हजारांवर होतात. त्यात चूक काही नाही, कारण फळ्याचा रंग आणि टाकीची तोटी त्याच हजारांतून येते.

३० सप्टेंबर आला की शाळेत एवढी धावपळ का असते?

कारण त्या दिवशीच्या पटावर पुढच्या वर्षाचं सगळं ठरतं. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे, ती याच पटावर होते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. यू-डायस या सरकारच्या शाळा-नोंदणी प्रणालीत नाव आणि आधार जुळलं नाही तर समोर बाकावर बसलेलं मूलही कागदावर नसतं. कातकरी वाड्यांवरच्या कित्येक मुलांच्या जन्मतारखेचा आणि नावाच्या स्पेलिंगचा घोळ असतो. सप्टेंबरचे शेवटचे आठ दिवस आमचे शिक्षक फळ्यापाशी कमी आणि आधार केंद्राच्या रांगेत जास्त दिसायचे. त्यावर पालक चिडायचे. मी त्यांना सांगायचो, चिडा, पण आधी मुलाचं आधार नीट करून आणा.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी झाली की आमच्या वाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी, कल्याणकडे, काही आणखी लांब. मुलं बरोबर जातात. पट सप्टेंबरचा, म्हणून शिक्षक कागदावर टिकतो, पण जानेवारीत वर्गात अर्धी मुलं. पोषण आहाराचे पैसे मात्र रोजच्या हजेरीवर. म्हणजे एकाच शाळेचा एक पैसा सप्टेंबरच्या पटावर चालतो आणि दुसरा आजच्या हजेरीवर. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्यांना कागदपत्रांशिवाय बसवून घेतात. आजी-आजोबांपाशी मूल ठेवायला घरचे तयार असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव करता येतो. प्रस्ताव दिवाळीच्या आधी जायला हवा. दिवाळीनंतर करून उपयोग नाही, तोपर्यंत टेम्पो गेलेला असतो.

संयुक्त शाळा अनुदान म्हणजे काय? आम्हाला किती मिळायला हवं?

समग्र शिक्षा २०१८ मध्ये आली तेव्हा देखभाल, शाळा अनुदान असे जुने तुकडे एकत्र करून हे एकच अनुदान केलं. ते पटावर आहे. ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. हे मंजुरीचे निकष आहेत. प्रत्यक्षात पैसे हप्त्यांनी येतात आणि मंजूर झालेलं सगळं त्याच वर्षी हातात पडेल असं धरून चालू नका. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

आता हिशेब करून बघा. पट ४२, म्हणजे २५,००० रुपये. स्वच्छतेचे २,५०० बाजूला. वीजबिल महिन्याला ६०० धरलं तर वर्षाचे ७,२००. रजिस्टरं, खडू, झेरॉक्स, इंटरनेटचं रिचार्ज असे पाच हजार. उरले दहा हजार तीनशे. त्यात एक दरवाजा, थोडे पत्रे, मोटार दुरुस्ती. ओढूनताणून भागतं.

पट ३० असेल तर १०,०००. स्वच्छतेचे १,०००. वीजबिल मात्र तेवढंच, ७,२००, कारण पंखा मुलं मोजून फिरत नाही. उरले १,८००. त्यात वर्ष काढा.

म्हणजे एकतिसाव्या मुलाची किंमत १५,००० रुपये. आमच्या एका वाडीत एक कुटुंब मामाच्या गावाला कायमचं गेलं, तीन मुलं कमी झाली, पट ३२ चा २९ झाला. गुरुजी म्हणाले, "साहेब, एका बैलगाडीत शाळेचं अनुदान गेलं." गाडी म्हणजे 'छोटा हत्ती' टेम्पो होता, पण बोलणं खरं होतं. गुढीपाडव्याला 'पट वाढवा' म्हणून आम्ही दारोदार फिरायचो, त्यात प्रवेशाचा उत्साह होताच, पण हे गणितही डोक्यात असायचं.

माझं मत विचाराल तर लहान शाळेला पायाभूत रक्कम ठरावीक हवी आणि त्यावर पटाप्रमाणे वाढ. छप्पर पटाप्रमाणे कमी गळत नाही.

पैसे दर वर्षी मार्चमध्येच का येतात?

सगळेच मार्चमध्ये येत नाहीत, पण तुम्हाला तसं वाटतं ते उगाच नाही. दिल्लीत आराखडा मंजूर होतो, केंद्राचा हप्ता राज्याला येतो, राज्य आपला वाटा घालतं, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, मग शाळेला. पुढचा हप्ता हवा तर आधीच्याची उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले, वर जावी लागतात. एका तालुक्यातल्या वीस शाळांनी ती दिली नाहीत तर बाकीच्याही खोळंबतात. असं करत करत जूनमध्ये लागणारा पैसा जानेवारी-फेब्रुवारीत दिसतो आणि ३१ मार्चला मुदत संपते.

परिणाम काय होतो ते बघा. पत्रे मे महिन्यात टाकायचे असतात. तेव्हा नव्या वर्षाचा पैसा आलेला नसतो आणि जुन्याची मुदत गेलेली असते. मग गावातला हार्डवेअरवाला उधारीवर पत्रे देतो, गुरुजींच्या शब्दावर. ज्या गावात असा दुकानदार आहे त्या गावातली शाळा जूनमध्ये कोरडी असते. उलट, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दहा हजार शिल्लक दिसले की घाईने काहीतरी घेतलं जातं. माझ्या केंद्रात एका वर्षी तीन शाळांत एकसारखेच प्लॅस्टिकचे तक्ते आले, "आपले अवयव". एका शाळेत ते आधीच दोन होते. मी सही केली. मलाही ३१ मार्च होता.

यावर उपाय एकच, तोही अर्धा. खरेदीची यादी डिसेंबरमध्येच समितीच्या ठरावात लिहून ठेवा, क्रमाने: पहिलं काय, दुसरं काय. दरपत्रकं आधी घेऊन ठेवा. पैसे खर्चायची परवानगी आली की दोन दिवसांत बिल लागलं पाहिजे. यादी तयार असलेल्या शाळेने मार्चमध्ये तक्ते घेतलेले मी पाहिले नाहीत.

पूर्वी शाळेच्या खात्यात पैसे दिसायचे. आता पासबुकात शून्य का? कुणी काढले का?

कुणी काढले नाहीत. २०२१ नंतर पद्धत बदलली. पूर्वी अनुदान समितीच्या खात्यात पडायचं, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या जोडसहीने धनादेश फाटायचा, व्याजही खात्यात जमायचं. आता पैसा राज्याच्या एकाच मुख्य खात्यात राहतो. शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं आणि त्यावर फक्त खर्चाची मर्यादा चढते. खर्च पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन पेमेंट प्रणालीतून होतो. एकाने बिल भरायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं, मग पेमेंटचा आदेश छापून सही-शिक्क्यानिशी बँकेत द्यायचा. पैसे दुकानदाराच्या खात्यात जातात. ३१ मार्चला मर्यादा संपली की संपली.

पैसा अडकून पडू नये, मधल्यामध्ये व्याज खाल्लं जाऊ नये, हा हेतू चांगला आहे. पण डोळखांबच्या आतल्या एखाद्या वाडीत रेंज यायला टेकडीवर चढावं लागतं, आणि दुकानदाराचं नाव प्रणालीत चढवताना खातं क्रमांकात एक अंक चुकला की पेमेंट परत. गावातला सुतार म्हणतो, रोख द्या नाहीतर राहू दे. मग गुरुजी आपल्या खिशातून देतात आणि शहापूरच्या एखाद्या दुकानाचं बिल शोधत बसतात. हे चुकीचंच आहे. पण ते कुठून सुरू होतं तेही कळायला हवं.

पोषण आहाराचा पैसा कसा चालतो? आमच्या बाई स्वतःच्या पैशाने भाजी आणतात हे खरं का?

खरं असण्याची शक्यता खूप आहे.

तांदूळ सरकारचा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, आणि त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. शिजवण्याच्या साहित्याचा दर मे २०२५ पासून प्राथमिकला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे.

४२ मुलांची शाळा धरा. रोजचे २८४ रुपये ७६ पैसे. एवढ्यात ८४० ग्रॅम डाळ, दोन किलो शंभर ग्रॅम भाजी, २१० ग्रॅम तेल, मसाला आणि गॅस. पण ही सगळी रक्कम शाळेच्या हातात येत नाही. ग्रामीण भागात डाळी, तेल, मसाला ठेकेदाराकडून तांदळाबरोबर पोत्यांनी येतो. शाळेकडे येतो तो इंधन आणि भाजीपाल्याचा भाग, तोही हजेरी भरल्यानंतर, काही महिन्यांनी. भाजीवाली मात्र रोज पैसे मागते. पावसाळ्यात वाशीच्या बाजारात भाव चढला की शहापूरच्या बाजारात आणखी चढतो, कारण मध्ये गाडीभाडं आहे. दर कागदावर तोच. मग बाई काय करतील? भोपळा आणतील, शेवग्याचा पाला आणतील, कुणाच्या परसातली भेंडी मागतील, आणि नाहीच जमलं तर पर्स उघडतील.

अंड्याचं विचारता. आठवड्याला अंडं सुरू झालं होतं, पण जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. आता लोकसहभागातून द्यायचं असेल तर शाळेने द्यावं, असा मामला आहे. आमच्याकडे एका वाडीत ज्यांच्या घरी कोंबड्या त्यांनी वार वाटून घेतले होते. ज्यांना जमेल त्यांनी करावं, पण सरकारचं काम गावाने करावं हे मला पटलेलं नाही.

स्वयंपाकी ताईंना महिना २,५०० रुपये मानधन, तेही वर्षात १० महिने. २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० पर्यंत दोन. दिवसाला शंभर रुपयेही पुरते पडत नाहीत, आणि त्यात भांडी, चूल, कधी पाणीसुद्धा त्यांच्याच डोक्यावर.

पाण्याचा खर्च कुठे दाखवायचा?

हा प्रश्न शहापूरमध्येच पडतो. भातसा, तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि ठाण्याला, आणि मार्च लागला की वाड्यांवर टँकर. टँकर वाडीला येतो. शाळेच्या टाकीपर्यंत पाइप पोचतोच असं नाही. टाकी, नळजोडणी, पंप यासाठी ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा बंधित निधी असतो. तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. पंधराव्या वित्त आयोगात, २०२५-२६ पर्यंत, तो अनुदानाचा ६० टक्के भाग होता. शाळेचं नाव ग्रामपंचायतीच्या आराखड्यात हवं. नसेल तर सरपंचांची इच्छा असूनही खर्च टाकता येत नाही.

मग ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचं काम घालायचं कसं?

पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतो. समितीचा ठराव आणि कामाची साधी यादी, अंदाजे रकमेसह, त्या आधी ग्रामसेवकांकडे द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत शाळेचे पालक बसलेले हवेत, विशेषतः आया. रस्त्यावर बोलणारे दहा असतात, शौचालयाच्या दरवाजावर बोलणारं कुणीच नसतं.

शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड आणि भिवंडीतली काही गावं आहेत. तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या अधिकारांचा कायदा) अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. शाळेसाठी तो मागता येतो, हे कित्येक समित्यांच्या गावीही नसतं.

वीजबिल कोण भरतं? आमच्या शाळेचं कनेक्शन दोनदा तोडलं.

संयुक्त अनुदानातून शाळा भरते, काही गावांत ग्रामपंचायत भरते. आधी बिल हातात घेऊन वर्गवारी बघा. सरकारी शाळांना महावितरणची सार्वजनिक सेवेची वेगळी वर्गवारी आहे. जुन्या जोडणीवर भलतीच वर्गवारी राहिलेली असू शकते. ती बदलायला अर्ज, शाळेचं पत्र आणि एक हेलपाटा लागतो. मार्चमध्ये येणाऱ्या अनुदानातून वर्षभराची थकबाकी भरण्यापेक्षा, अनुदान आलं की पुढचे काही महिने आगाऊ भरून टाकणं चांगलं.

छप्पर गळतंय. शाळा अनुदानातून होईल का?

चार पत्रे, दहा कौलं, होतील. वासा कुजला असेल, भिंतीला तडा असेल, तर नाही. तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा विषय. शाखा अभियंत्याने पाहणी करायची, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, मग निविदा. खोली धोकादायक असेल तर आधी तिचं निर्लेखन मंजूर व्हावं लागतं, म्हणजे ही खोली आता कागदावरूनही काढली असं जिल्हा परिषदेने म्हणायचं. निर्लेखन झाल्याशिवाय पाडता येत नाही आणि जुनी पाडल्याशिवाय त्याच जागी नवी बांधता येत नाही. एका शाळेच्या निर्लेखनासाठी मी आसनगावहून लोकल पकडून ठाण्याला सात खेपा केल्या. सातव्या खेपेला कळलं, फाइल तालुक्यालाच होती.

तुम्ही एवढंच करा: गळतीचे फोटो पावसात काढा, उन्हाळ्यात नाही. तारखेसह ठरावाला जोडा. मे महिन्यात कोरडी भिंत बघून कुठलाही अभियंता "ठीक आहे" म्हणतो.

गणवेशाचे पैसे समितीकडे येतात ना?

हो, पुन्हा येऊ लागले. मुलामागे वर्षाला ६०० रुपये, दोन गणवेश. मधे २०२४-२५ ला 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड आणि शिलाई वरून ठरवली. मापं चुकली, गणवेश उशिरा आले. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. गावातल्या शिंप्याकडे किंवा बचत गटाकडे द्यायचं की तालुक्याच्या दुकानातून तयार घ्यायचं, हे समितीने ठरवायचं. कापड हातात घेऊन, पाण्यात बुडवून मग ठरवा. रंग गेला तर दिवाळीपर्यंत सगळी शाळा राखाडी दिसते.

मुलींचा उपस्थिती भत्ता अजून १ रुपयाच आहे का?

दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त गटातल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी ही योजना १९९२ साली सुरू झाली, दिवसाला १ रुपया. त्या रुपयात तेव्हा वही येत होती. पुढे काय बोलायचं?

मी ठाण्यात फ्लॅट घेतला. घरपट्टीत शिक्षण कर भरतो. तो गावच्या शाळेला जातो का?

थेट नाही. राज्याचा शिक्षण उपकर १९६२ च्या कायद्याने आहे. महापालिका तो गोळा करून राज्याला भरते आणि तो राज्याच्या तिजोरीत मिसळतो. त्यातूनच पुढे पगार होतात, पण तुमच्या घोडबंदरच्या रुपयावर किन्हवलीचा शिक्का नसतो. जिल्हा परिषदेला स्वतःचं उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्काचा वाटा आणि ठेवींवरचं व्याज. तुम्ही फ्लॅटऐवजी गावाकडे प्लॉट घेतला असता, तर त्या व्यवहारातून जिल्हा परिषदेकडे काही तरी आलं असतं.

गावाने वर्गणी काढली तर चालते का? कंपनीने संगणक दिले तर?

वर्गणी चालते, सक्ती चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला फी किंवा प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही. स्वखुशीने दिलं तर पावती द्या, समितीच्या इतिवृत्तात नाव आणि रक्कम लिहा, आणि वस्तू असेल तर साठा नोंदवहीत चढवा. साठ्यात न चढवलेला पंखा कुणाचा, हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

कंपनीचं म्हणाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात आणि मुरबाडच्या एमआयडीसीत विचारायला हरकत नाही. पण त्यांना भिंत रंगवायला आवडते, कारण भिंतीवर नाव येतं. एका शाळेला आठ संगणक मिळाले, त्या शाळेत प्लगच्या जागा दोन होत्या. मागताना वीज, दुरुस्ती आणि दोन वर्षांची देखभालही मागून घ्या. नाही म्हणाले तर निदान कळेल.

मी समितीचा अध्यक्ष आहे. सही करण्याआधी काय बघू?

समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. मुख्याध्यापक सचिव. म्हणजे बहुमत तुमचं आहे, हे आधी लक्षात घ्या. मग रोकडवही, व्हाउचर फाइल आणि साठा नोंदवही एकत्र मांडा. बिलात चार झाडू असतील तर साठ्यात चार हवेत आणि कोपऱ्यात निदान तीन. बिलाची तारीख ठरावाच्या नंतरची हवी. आधीची असेल तर का, ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा "उधारीवर आणलं होतं" असं असतं, आणि बहुतेक वेळा खरं असतं. ते तसंच इतिवृत्तात लिहा. खोटी तारीख घालून सगळं नीटनेटकं दाखवण्यापेक्षा हे बरं.

गुरुजींवर संशय घेऊ नका असं मी म्हणणार नाही. घ्या, पण कागद उघडून घ्या, चहाच्या टपरीवर नको.

हिशेब दाखवायला नकार दिला तर?

समिती सदस्याला नकार देताच येत नाही, कारण हिशेब समितीचाच आहे. इतर गावकऱ्याने पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांत उत्तर. "सर्व माहिती द्या" असं लिहू नका, गठ्ठा येईल आणि त्यात काही सापडणार नाही. वर्ष, अनुदानाचं नाव आणि व्हाउचरच्या प्रती, एवढंच मागा. स्थानिक निधी लेखापरीक्षण होतंच, विधिमंडळाची पंचायत राज समितीही येते. ती आली की तालुक्यात रात्रीही दिवे चालू असतात.

पट २० च्या खाली गेला तर शाळा बंद होईल?

२०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते, त्यावरून बराच गदारोळ झाला. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. अंतर नकाशावर मोजलं की कमी भरतं. मधला ओढा पावसाळ्यात ओलांडता येतो का, हे समितीच्या ठरावात लिहून ठेवा.

तांदळाची रिकामी पोती स्वयंपाकी ताईंना दिली तर चालेल का?

हसू नका, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. पोती सरकारी माल आहे. त्यांची नोंद ठेवायची, विकली तर रक्कम हिशेबात दाखवायची. माझ्या एका शाळेच्या तपासणीत वर्गखोलीच्या निर्लेखनावर एक प्रश्न आला नाही, पण सतरा पोती कुठे गेली यावर पाऊण तास गेला. दोन पोती उंदरांनी खाल्ली होती. तपासनीस म्हणाले, "तसा पंचनामा करा." आम्ही केला. दोन पंचांच्या सह्या घेतल्या, ताईंचा अंगठा घेतला, आणि उरलेली पंधरा पोती पावसाळ्यात वर्गाच्या दारात पाय पुसायला टाकली.